डाव्या हातातली पिशवी

माझ्या ऑपरेशनला चार वर्षं झाली, तरी दर ऑक्टोबरात एक मेसेज फिरत फिरत माझ्यापर्यंत येतोच. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांसाठी त्यात चार सूचना आहेत: ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने भाजीची पिशवीसुद्धा उचलू नका, हात सुजेल, थकवा जाईपर्यंत पूर्ण विश्रांती घ्या, घरकाम होतं तेवढा व्यायाम पुरे, अंगाला श्रम झाले की रोग उलटतो. पाठवणाऱ्या सगळ्या मायेच्याच आहेत. पण असल्या सल्ल्यापायी मी सहा महिने डावा हात छातीशी धरून वावरले, म्हणून लिहिते.

आधी हाताचं. ही भीती निराधार नाही. काखेतल्या लसीकाग्रंथी, म्हणजे आपण गाठी म्हणतो त्या, काढल्या, वर रेडिएशन झालं, की लसीकेचा, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा मंदावतो आणि काही जणींचा हात खरंच सुजतो. पूर्वी डॉक्टरही जड काम नको म्हणायचे. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी हा समज तपासायचं ठरवलं. ऑपरेशन झालेल्या २४ बायकांकडून त्यांनी आधी तयारी करून घेतली आणि मग त्यांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं. एकीलाही नव्याने सूज आली नाही. चोवीसच बायका, हे मान्य. पण पुढे अमेरिकेत संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी रीतसर दोन गट करून पाहिलं. २००९ च्या अभ्यासातल्या १४१ बायकांचे हात तर आधीच सुजलेले होते. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींची सूज बळावली, न उचलणाऱ्यांपैकी २९ टक्के जणींची. पुढच्या वर्षी सूज नसलेल्या बायकांवर अभ्यास झाला. त्यातल्या ज्यांच्या पाच किंवा अधिक गाठी काढल्या होत्या, त्यांच्यात वजनं उचलणाऱ्यांपैकी ७ टक्के जणींना सूज आली, न उचलणाऱ्यांपैकी २२ टक्के जणींना.

म्हणजे उद्याच पाच किलोचं डंबेल आणायचं असं नाही. त्या बायकांनी अगदी हलक्या वजनापासून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली सुरुवात केली होती; सूज असलेल्या बायका हाताला दाब देणारी घट्ट बाही (स्लीव्ह) घालत होत्या. पण नातवंड, पाण्याची बादली कधी ना कधी उचलावी लागतेच, आणि महिनोन्‌महिने जपलेल्या हाताला तोच झटका बाधतो.

मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीवर बोटं चालवायला लावलं. दोन बोटं हळूहळू वर न्यायची, ओढ बसेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. पहिली खूण माझ्या नाकासमोर होती. तोवर डाळींचे डबे मी खालच्या फळीवर आणून ठेवले होते. सात आठवड्यांनी खूण वरच्या फळीला भिडली आणि डबे परत वर गेले. नंतर घर रंगवलं, तेव्हा भिंतीची तेवढी पट्टी मी तशीच ठेवायला लावली.

थकव्याचं म्हणाल तर केमोचा थकवा झोपून भरून निघत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड जरूर तपासा. पण पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि जिना आणखी उंच वाटतो. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी पुरावे एकत्र पाहून सांगितलं, की आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम वेगाच्या व्यायामाने हा थकवा कमी होतो.

‘घरकाम पुरे’ या वाक्याचा मला खरा राग येतो. केर-भांडी तुटक तुटक होतात, दम लागत नाही, हात खांद्याच्या वर जात नाही. त्यात लेट्रोझोलसारख्या, कर्करोग परतू नये म्हणून देतात त्या हार्मोनच्या गोळीने हाडं विरळ होतात, सांधे धरतात. त्यांना चालणं आणि वजन उचलणं दोन्ही हवं. या सल्ल्यामुळे बाईला स्वतःसाठी अर्धा तास द्यायचंच टळतं. आधीच डोक्याला रुमाल बांधून मैदानावर जायचं म्हणजे पाय अडतो, त्यात हे.

श्रमाने रोग उलटतो याला आधार नाही. अमेरिकेतल्या जवळपास ३,००० परिचारिकांच्या २००५ च्या अभ्यासात उलट नियमित चालणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले. चालल्यामुळेच कमी झाले असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांना बरं वाटतं त्याच जास्त चालतात.

रोग हाडांत पसरला असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा हृदयावर परिणाम करणारी औषधं चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परवा मंडईतून येताना गेटवर शेजारच्या वहिनींनी पिशवी घ्यायला हात पुढे केला. आत दोन किलो कांदे होते. म्हटलं, “राहू द्या वहिनी, आज डाव्याची पाळी आहे.”