पहाटे पाचला उठून लिहिणाऱ्यांना चहा कोण करून देतं?

नोकरी-घर सांभाळून पुस्तक कसं लिहावं, यावर दर आठवड्याला एक तरी पोस्ट समोर येते. सल्ला ठरलेला: पहाटे पाचला उठा. मला या सल्ल्याचा राग येतो. का येतो ते आज जरा सविस्तर लिहिते.

या पंथाचा मूळपुरुष म्हणजे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप. पोस्टखात्यात नोकरी, सतत फिरती, तरी ४७ कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, साडेआठला उठायचं. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय आणि सगळे तेवढंच सांगतात. तिथेच एक म्हातारा नोकरही आहे. साहेबांना उठवण्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे आणि कॉफी आणायला त्याला एकदाही उशीर झाला नाही. माझ्या यशाचं श्रेय इतर कुणाहीपेक्षा कदाचित यालाच द्यायला हवं, असं ट्रॉलप स्वतः म्हणतो. प्रेरणादायी पोस्टींमधून नेमका हा म्हातारा गळतो.

आपल्याकडे दाखला असतो लोकमान्यांचा. मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं. त्यांची विद्वत्ता आणि चिकाटी वादातीतच. पण तिथेही स्वयंपाकाला एक कैदी दिलेला होता. तुरुंगातसुद्धा भात कुणीतरी दुसऱ्यानेच शिजवला!

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे? छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या, आणि दुकानात बसल्या बसल्या वहीत लिहायच्या. वही नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून लपवून ठेवायच्या, तेही थोडीथोडकी नाही, वीसेक वर्षं. त्यांचं हे आत्मकथन, ‘जिणं आमुचं’, पुस्तकरूपात आलं १९८६ साली. त्यांना कुणी ‘वेळेचं नियोजन’ शिकवायला गेलं असतं तर काय बोलल्या असत्या, याची मी कधी कधी कल्पना करते.

माझं म्हणणं एवढंच की लिहायचा वेळ आकाशातून पडत नाही, तो कुणाच्या तरी वाट्याचा असतो. बाईच्या बाबतीत तो बहुधा तिच्याच झोपेतून कापला जातो, आणि वर त्याला शिस्त म्हणतात.

मी डोंबिवली ते सीएसएमटी करणारी बाई. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. तिथून उठलेली माणसं रायगड-ठाण्यापासून पार सोलापूरपर्यंत विखुरली, त्यांच्यावर पुस्तक लिहितेय. लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत हात वर करायला जागा नसते. घाटकोपरला गर्दी उतरली की तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट तरी मिळते, मग मोबाईलवर टाइप करते. जेवणाच्या सुट्टीत म्हाताऱ्या धरणग्रस्तांना फोन लावते. (त्यांना दुपारीच बोलायचं असतं, संध्याकाळी सिरियल असतात.) अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात पुष्कळ होतं. आठवण उतरवून घेता येते, एखादा प्रसंग लिहून होतो. रोज ३०० शब्द झाले तर सहा-सात महिन्यांत दोनशे पानी पुस्तकाएवढा मजकूर जमतो, हा हिशेब खरा आहे.

पण मजकूर जमला म्हणजे पुस्तक झालं नाही. कुठलं प्रकरण आधी, कुणाचं म्हणणं कुणाच्या शेजारी ठेवायचं, काय फेकायचं, हे लोकलमध्ये होत नाही. त्याला सलग तीन तास लागतात. सगळे कागद डोक्यात भरायलाच पाऊण तास जातो, तेवढ्यात कुणी ‘अगं, जिऱ्याचा डबा कुठेय?’ विचारलं की गेलं सगळं. हे तीन तास पाचच्या अलार्मने मिळत नाहीत, कारण साडेपाचला आमच्याकडे पाणी येतं आणि सहाला डबे.

म्हणून मी ते घरात मागून घेतले. रविवार, नऊ ते बारा, दार बंद. मागणं सोपं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, “पैसे मिळतात का गं त्याचे?” प्रश्न रास्त होता. मराठीत पहिली आवृत्ती बहुतेकदा पाचशे-हजार प्रतींची. तीनशे रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरलं, तर हजारच्या हजार खपल्या तरी हातात तीस हजार. तेही कधी येतील ते प्रकाशकालाच माहीत. एवढ्यात तीन तास विकत घेता येत नाहीत, ते घरच्यांकडून उधारच घ्यावे लागतात. आता रविवारी नवरा भाजी-आमटी बघतो. मात्र पोळ्यांना मावशी येतात, आणि त्यांचाही तो रविवारच असतो. जादा पैसे देते, पण पैसे दिले म्हणून तो माझा होत नाही. पुस्तकांच्या ऋणनिर्देशात शेवटी ‘पत्नीने घर सांभाळलं’ असं एक वाक्य असतं, तिथे मी मावशींचं नाव घालणार आहे.

परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, “मलाही लिहायचंय गं, सुरुवात कशी करू?” म्हटलं, अलार्म राहू दे. आधी घरात बसून ठरवा, रविवारी दूध कोण घेणार, बेल वाजली तर कोण उठणार, पाहुणे आले तर चहा कोण टाकणार.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यापेक्षा पाचला उठणं सोपंय गं.”