पायाळू आणि शेनशू

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरात जे जे पोकळ ते ते भरून ठेवायचं, हा सोलापुरी संस्कार. परवा पहाटे त्याच संस्कारापोटी भरली घागर उचलली आणि कमरेत 'कट्' झालं. घागर ना वर जाईना, ना खाली ठेवता येईना.

उसण भरल्याचं कळताच शेजारचे अण्णा आले. अण्णा पायाळू. पायाकडून जन्मलेल्यानं लाथ मारली की उसण उतरते, यावर गल्लीची श्रद्धा. "पालथं पड बे," म्हणाले. तीन लाथा बसल्या. उसण जागची हलली नाही, मी मात्र दोन फूट सरकलो.

मग सुया टोचणाऱ्या, म्हणजे चिनी अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाई. अण्णाही सोबत निघाले, "लाथेत काय कमी पडलं ते बघू की" म्हणून.

बाईंनी कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपल्या. त्या रेषेत कमरेचा चौथा मणका येतो; तिथून दोन मणके वर मोजले. मग माझाच हात मागे ओढून तर्जनी आणि मधलं बोट पाठीवर टेकवलं. मणक्यापासून दीड 'त्सुन', दोन्ही बाजूंना. दीड त्सुन म्हणजे पेशंटची स्वतःचीच दोन बोटं. ज्याचं अंग त्याचं माप. आमच्या शिंप्याला हे कोणीतरी शिकवायला हवं. बिंदूचं नाव शेनशू, नंबर बीएल २३. बिंदू मूत्रपिंडाचा, पण बसलाय चिनी परंपरेनं अंगावर आखलेल्या मूत्राशयाच्या वाहिनीवर. सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची. भाऊबंदकी चीनमध्येही असणार.

सुई केसासारखी. शिरताना कळलीच नाही. नंतर आत जड, बधिर, ठणकल्यासारखं वाटू लागलं. याला 'दे-ची' म्हणतात आणि बाई तिचीच वाट बघत होत्या. "आलं का?" त्यांनी विचारलं. आमच्या घरी हा प्रश्न फक्त नळाबद्दल विचारतात. मी सुयांसकट उठायला निघालो.

वीस मिनिटं पालथं पडलं की माणूस इतिहासात शिरतो. आमच्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी पुढे चीनमध्ये ही सुईविद्या शिकून कोलकात्यात आणली. सोलापूरनं माणूस दिला, सुई उतरली कोलकात्याला, आणि माझ्या कमरेपर्यंत यायला तिला एवढी वर्षं लागली.

"हा पॉइंट अजून कशाला चालतो ओ?" अण्णांची चौकशी.

"चिनी परंपरेत वारंवार लघवीला, गुडघ्यांच्या कमजोरीला, कानातल्या गुणगुणीला वापरतात. पण कानाची मी खात्री देत नाही हं."

शेवटचं वाक्य अण्णांपर्यंत पोचलंच नाही. उभा जन्म चादरीच्या मागावर गेलेला, माग बंद झाला तरी कानातली खटखट चालूच. चपला काढून ते शेजारच्या खाटेवर पालथे. "टोचा. लाथ-बिथ नको पण."

त्यांना सुया लागल्या आणि माझा फोन वाजला. घरून. पाणी एक दिवस आधीच आलं होतं.

"अजून बारा मिनिटं," बाई म्हणाल्या.

"काय म्हणते बे?" अण्णांनी मान वळवली.

"पाणी!" मी ओरडलो.

"नको," अण्णा म्हणाले, "आत्ताच चहा झालाय."