‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ ही शिवी नव्हे

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’, म्हणजे जे आहे ते आडपडदा न ठेवता बोलणं. हा इंग्रजी वाक्प्रचार कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठीच जन्माला आला, तो वापरू नका, असा मेसेज फिरतोय. त्यामागची कळकळ रास्त आहे. इतिहास मात्र साफ चुकीचा.

मूळ किस्सा प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कचा. मॅसिडोनियाचा राजा फिलिप म्हणाला, आमची माणसं रांगडी, काथवटीला काथवटच म्हणतात. ग्रीक शब्द होता ‘स्काफे’. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने तो लॅटिनमध्ये आणताना काथवटीचं खणायचं अवजार करून टाकलं! त्यावरून इंग्रज अनुवादक निकोलस उडॉलने १५४२ साली इंग्रजीत ‘स्पेड’ लिहिलं. म्हणजे इथला स्पेड हा बागेतल्या फावड्याचाच भाऊबंद.

कृष्णवर्णीयांसाठी ‘स्पेड’ ही शिवी आली थेट विसाव्या शतकात, अमेरिकेत, आणि तीही पत्त्यांतल्या काळ्याभोर इस्पिकवरून. त्या स्पेडचा फावड्याशी थेट संबंध नाही. ते नाव तलवारीवरून पडलं, इटालियन ‘स्पादा’.

शिवी खरीच होती आणि ती बोचते, म्हणून अमेरिकेत काही जण हा वाक्प्रचार टाळतात. ते मला पटतं. पण त्यासाठी खोटी व्युत्पत्ती पुढे ढकलू नका.