चूक लाइनमनची. बरं, मग पुढे?

सर, एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. वीज वितरणातल्या अपघाताची चौकशी 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' या शब्दांवर संपते, ती तिथून सुरू व्हायला हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की परमिट (लाइन बंद करून काम करण्याची परवानगी) नाही, अर्थिंग (बंद तार जमिनीला जोडणं) नाही, ग्लोव्हज नाहीत, अशा माणसाला 'मानवी घटक' म्हणत, म्हणजे चुकीमागची परिस्थिती पुढे करत, पाठीशी घालणं म्हणजे शिस्तीचं वाटोळं. शिवाय हे विमानवाल्यांचं फॅड आहे, ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) खांबावर त्याचं काय काम? आणि शिक्षेचा धाक गेला तर उरलंसुरलंही जाईल.

खांबापासूनच सुरुवात करू. एकाच खांबावरून गावठाण (गावातल्या घरांचा) आणि एजी (शेतीपंपांचा) असे दोन फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, गेलेत. एजीला वीज पाळीने, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. या आठवड्यात एजीची पाळी रात्रीची, हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याच्या डोक्यात दुपारी एजीची तार मेलेलीच असते. मग कुणीतरी पाळी बदलतं. परमिट फोनवर मागितलं जातं, दोन्ही फीडरची नावं सारखीच, शेपटाला काय तो फरक. इकडे उपकेंद्रात लाइन चालू-बंद करणाऱ्या यंत्रचालकाचे दोन फोन एकदम वाजताहेत, तिकडे लाइनमनच्या मागे सरपंच उभे. ऐकलं एक, बंद झालं दुसरं. ही चूक शिस्तप्रिय माणसाकडूनही होते. यंत्रचालकाने फीडरचं नाव आणि नंबर ऐकून परत म्हणून दाखवायचा आणि खांबावर तोच नंबर ठळक रंगवलेला असायचा, एवढ्याने ती बरीच कमी होते. यात फॅड कुठलं?

आता एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाइन तोडणारा स्विच. हँडल खाली ओढलं, म्हणजे लाइन तुटली असं आपण धरतो. पण वर तीन पाती आहेत. पावसाळे खाल्लेल्या स्विचमध्ये दोन उघडतात, एखादं तसंच चिकटून राहतं, आणि संध्याकाळच्या उजेडात खालून ते दिसत नाही. हँडल फक्त एवढंच सांगतं की हँडल ओढलं गेलं.

नेमकी हीच गोष्ट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात घडली, २८ मार्च १९७९ च्या पहाटे. दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवायचा नाही, बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवायचा. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं, धोक्याच्या सूचनांचा नुसता गदारोळ, आणि टाकीत पाणी भरपूर आहे असा समज होऊन ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणीच कमी केलं. अणुभट्टीचा जवळपास निम्मा गाभा वितळला. ऑपरेटर चुकले हे खरंच. पण चौकशी आयोगाने त्यांचं प्रशिक्षण, त्यांना दिलेल्या सूचना आणि तो नियंत्रण कक्ष यांवरही बोट ठेवलं. म्हणजे विमानं बाजूला ठेवू, हा आपल्या वीजधंद्याचाच धडा आहे.

आता धाकाबद्दल. धाक असला की चुकांच्या हकीकती पुढे जात नाहीत, आणि हकीकत पुढे गेली नाही की काय होतं, हा त्यातला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच बनावटीच्या अणुभट्टीत, तोच व्हॉल्व्ह तसाच अडकला होता आणि ऑपरेटरांची फसगतही तशीच झाली होती. तेव्हा भट्टी जेमतेम ९ टक्के क्षमतेवर होती, म्हणून निभावलं. ती हकीकत थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोहोचलीच नाही.

आपल्याकडच्या अशा हकीकती कुठे जातात? चहाच्या टपरीवर. 'परमिट होतं, तरी अर्थिंगसाठी तारेवर डिस्चार्ज रॉड टाकला तर ठिणगी उडाली, थोडक्यात वाचलो.' कुणाच्या तरी घरचा जनरेटर चेंजओव्हरशिवाय (घर बाहेरच्या लाइनपासून तोडणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेला असतो, आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) उलट्या दिशेनेही चालतं. खालचे २३० व्होल्ट वर ११ हजार होऊन उभे राहतात. ही बातमी कार्यालयात सांगितली की पहिला प्रश्न 'तू तिथे काय करत होतास?' मग कोण सांगेल?

ग्लोव्हजबद्दल थोडक्यात. ते जाड रबरी ग्लोव्हज घालून मे महिन्यात जंपरचा (दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याचा) नट आवळायला कुणालाही सांगून पाहा. खरं संरक्षण कामाच्या दोन्ही बाजूंच्या अर्थिंगचं, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. आणि सेक्शनमध्ये डिस्चार्ज रॉड किती, तो दुचाकीवरून न्यायचा कसा, हे विचारल्याशिवाय 'अर्थिंग केलं नाही' हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

शिक्षा नकोच, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. 'परमिट मागाहून बघू, आधी सप्लाय चालू कर' असं फोनवर सांगणाऱ्याला जरूर द्या. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या लाइनमनलाही द्या. माझी तक्रार एवढीच की आजवर पहिल्याचं नाव चौकशीत आलेलं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही चौकशी समित्यांवर काम केल्याचं लिहिलंय, म्हणून विचारतो. त्या अहवालांत एबी स्विचची शेवटची देखभाल कधी झाली आणि तो माणूस सलग किती तास ड्यूटीवर होता, याची नोंद असायची का? मी पाहिलेल्या नमुन्यात हे दोन्ही रकानेच नव्हते. तुमच्याकडे असतील, तर तो नमुना कळवाल का? इथे छापायला आवडेल.