साठा वाढला म्हणजे देश पुढे गेला, असे नाही

इंडोनेशिया आणि थायलंडच्या जीडीपी तक्त्यांतील ‘साठ्यातील बदल’ ही ओळ शेजारी ठेवून एक दावा फिरतो आहे: इंडोनेशियाचा आकडा कितीतरी मोठा, म्हणून तिथली अर्थव्यवस्था मजबूत आणि थायलंडची गोदामे रिकामी. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिली गफलत चलनाची. एक आकडा रुपियात, दुसरा बाटमध्ये. अलीकडच्या वर्षांत 1 बाट म्हणजे 400 हून अधिक रुपिया. तुलना करायचीच तर प्रत्येक आकडा त्या देशाच्या जीडीपीच्या टक्केवारीत मांडावा लागतो. शिवाय ही ओळ गोदामात एकूण किती माल आहे हे सांगतच नाही. त्या काळात किती भर पडली किंवा घट झाली, एवढेच सांगते. उणे आकडा असूनही गोदामे भरलेली असू शकतात.

आणि वाढ चांगलीच असते, हे कुणी ठरवले? थायलंडचेच पाहा. 2011 पासून यिंगलक शिनावात्रा सरकारने साधे भात टनाला 15,000 बाट, म्हणजे बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने घेतले. निर्यात घटली, तांदूळ सरकारी गोदामांत साचत गेला. ती वाढ न विकलेल्या मालाची होती. 2014 च्या सत्तांतरानंतर तो तांदूळ लिलावात निघाला, तेव्हा साठा घटला. ते संकट नव्हते, जुना बोजा उतरत होता.

त्यामुळे या ओळीसोबत निर्यात, विक्री आणि उत्पादनाचे आकडे नसतील, तर तो तक्ता कृपया पुढे पाठवू नका.