काष्ठमंडपाचा तळखडा आणि आमचे बारा खांब

अमळनेरकडची मंडळी काशी-नेपाळ यात्रेला जातात ती पशुपतिनाथासाठी. काठमांडूच्या दरबार चौकाला टूरवाल्याने दिला पाऊण तास, त्यातला निम्मा चहात गेला. तिथल्या जुन्या राजवाड्यासमोर, हनुमान ढोक्यासमोर, मावशी मात्र थबकली. "हाई ते बठ्ठं आपला वाडासारखंच शे ना रे भो!"

खरंच होतं. लाकूड सागाऐवजी साल वृक्षाचं, छपरं उतरती, त्यांना तोलणारे कोरीव तिरके टेकू (तिकडे त्यांना टुंडाल म्हणतात), लाल विटा, मातीचा सांधा. आमचं धाबं सपाट, वर खारी माती. पण आत खांब, तुळई, कडीपाट, सगळं गणित तेच. जाळीच्या खिडकीतून आतल्या बाईला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला बाई दिसत नाही, हेही तेच!

चौकाच्या कडेला काष्ठमंडप आहे. काठमांडू हे नाव त्यावरूनच पडलं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात तो पार कोसळला. आत रक्तदान शिबिर चालू होतं, माणसं गेली. नंतर उत्खनन केलं तर जुना पाया भक्कम निघाला. मात्र चार मुख्य खांबांपैकी एकाचा तळखड्याशी (खांबाखालच्या दगडी बैठकीशी) सांधाच उरला नव्हता, आधीच्या डागडुजीत सुटलेला. म्हणजे दोष लाकडाचा नव्हता, हात लावणाऱ्यांचा होता. 2022 पर्यंत तिथल्या लोकांनी तो पुन्हा लाकडातच उभा केला.

आता आमच्या वाड्याचं. 2011 साली वाटण्या झाल्या. ओसरीला बारा खांब, गणेशपट्टीची चौकट, दिंडी दरवाजा. लाकडाचा व्यापारी आला, टेप लावून घनफूट मोजलं आणि कोरीवकामाचा एक रुपयाही धरला नाही. उलट म्हणाला, नक्षीमुळे लाकूड कमी भरतं. आम्ही सह्या केल्या, मीही केली. पैसे नव्हते म्हणून नाही. त्याच पैशांत स्लॅब पडला. मे महिन्यात त्या स्लॅबखाली पंखा गरम हवा फेकतो आणि आम्ही कूलर घेऊन बसतो. "वाळवी लागते हो" म्हणणाऱ्यांनी आमच्या खांबांना किती लागली होती ते तेव्हा बघायला हवं होतं. एकालाही नाही.

दगडी तळखडे व्यापाऱ्याने नेले नाहीत, वजनाला परवडत नव्हते. त्यातला एक मागच्या मोरीत आहे. मधल्या चौकोनी खाचेत आता साबणाची वडी बसते.