छातीच्या फोटोवरचा डाग जाळून जात नाही

कॅनडाला जाऊ पाहणाऱ्या अफगाण कुटुंबांसाठी म्हणून एक ध्वनिफीत सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. तिचे म्हणणे असे, की घरातल्या एकाला जरी टीबी निघाला तरी सगळ्यांची फाइल कायमची बंद होते, म्हणून जुने एक्स-रे नष्ट करावेत. मधुमेह किंवा अपंग मूल असले की नकार ठरलेला. छातीच्या फोटोने बाईला वंध्यत्व येते. आणि पैसे मोजले की एजंट ‘फिट’ सर्टिफिकेट आणून देतो. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी अफगाण बाई परवा तपकिरी पाकीट घेऊन खाली आली आणि हे कुठे जाळता येईल, असे तिने विचारले. आत काबूलमधली, तिच्या मुलीच्या वयाची असताना काढलेली फिल्म होती. त्यानंतर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

फिल्म जाळल्याने फुप्फुसावरचा व्रण जात नाही. कॅनडाला जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत अकरा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाच्या छातीचा नवा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढला जातो आणि त्यात तो दिसतोच. मग हा डाग वीस वर्षांपूर्वीचा की कालचा, हे ठरवायला जुनी फिल्मच उपयोगी पडते. ती नसेल तर थुंकीचे नमुने द्यावे लागण्याची शक्यता वाढते, आणि कल्चरच्या, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या, अहवालाला आठ आठवडे लागू शकतात. आजार खरोखर सक्रिय निघालाच, तर साधारण सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाल्यावर आणि थुंकीत जंतू नाहीत हे दिसल्यावर फाइल पुढे सरकते. बरा झालेला जुना टीबी असेल तर तिथे पोहोचल्यावर आरोग्य खात्याकडे नोंद करून तपासणीला जावे लागते, एवढेच. या काळात सगळे कुटुंब खोळंबते, हे मान्य. पण खोळंबणे म्हणजे बंद होणे नव्हे. उलट, कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याच्या कलम ४० नुसार महत्त्वाची माहिती दडवणाऱ्यावर पाच वर्षांची बंदी येते. म्हणजे ज्या संकटाची भीती घातली जाते, त्याच्याकडे नेणारा रस्ता ध्वनिफितीतला हा सल्लागार स्वतःच दाखवतो आहे.

मधुमेह आणि अपंगत्वाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने कबूल करतो. आरोग्यसेवेवर अतिरिक्त भार पडेल, या कारणाने अर्ज नाकारण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने निर्वासितांना तिच्यातून वगळले आहे. ध्वनिफीत बनवणाऱ्याने कलम अर्धेच वाचले असावे, किंवा मुळीच वाचले नसावे.

वंध्यत्वाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: छातीच्या एका फोटोतले प्रारण आपल्याला निसर्गातून दहाएक दिवसांत मिळते तेवढेच असते, आणि गरोदर बाईला फोटो बाळंतपणानंतर काढून घेता येतो.

राहिला एजंट. नेमून दिलेला डॉक्टर अहवाल थेट कॅनडाच्या खात्याकडे पाठवतो. निर्णयही तो घेत नाही, खाते घेते. अर्जदाराच्या हाती येते ती तपासणी झाल्याची पोच, त्यामुळे विकायला ‘फिट’ सर्टिफिकेट नावाची वस्तूच नसते. पुनर्वसनासाठी निवडलेल्या निर्वासितांच्या तपासणीचा खर्च तर कॅनडा सरकारच उचलते. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिचा या ध्वनिफितीत उल्लेखही नाही: अहवाल बारा महिनेच चालतो, आणि फाइल रेंगाळली तर सगळी तपासणी नव्याने करावी लागते.

पाकीट तूर्त माझ्याकडे, विम्याच्या कागदांच्या कप्प्यात आहे. तपासणीच्या दिवशी ते आठवणीने तिच्या हातात देईन.